पडदा लावण्याआधी

५ जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की नागपुरात पर्यावरणावरच्या माहितीपटांना मागणी येते. विदर्भातल्या शाळा तेव्हा बंदच असतात, त्यामुळे महाविद्यालयं, क्लब, कर्मचारी संघटना आणि सामाजिक संस्था पुढे होतात. सभागृह ठरतं, पाहुणे दोन शब्द बोलतात, माहितीपट दाखवला जातो, टाळ्या पडतात, चहा होतो आणि माणसं घरी जातात. माहितीपट चांगला असतो, दाखवणाऱ्यांची तळमळही खरी असते. तरी त्यातून पुढे काही घडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे माध्यम यापेक्षा कितीतरी जास्त काम करू शकतं.

अडचण बहुधा क्रमात असते. आधी माहितीपट निवडला जातो, मग सभागृह, आणि शेवटी ते भरण्यासाठी प्रेक्षक. हा क्रम उलटा करा. आधी प्रश्न ठरवा, मग त्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध आहे ती माणसं ठरवा, मग ती जिथे सहज येऊ शकतील अशी जागा, आणि सगळ्यात शेवटी माहितीपट. पर्यावरण असो, आरोग्य असो की जातीचा प्रश्न असो, तुमच्या वस्तीत, महाविद्यालयात किंवा गावात पडदा लावायचा असेल तर हा क्रम सोडू नका.

कोणाला दाखवायचं?

माईक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य आणि निरुपद्रवी माशाची शिकार कशी चालते, हे त्यात दिसलं. २००१ मध्ये केंद्र सरकारने या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाला आहे तेवढं संरक्षण दिलं. त्याच सुमारास शेखर दत्तात्री यांनी कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या लोहखनिजाच्या खाणीवर ‘माइंडलेस मायनिंग’ ही छोटी फिल्म केली. डोंगर कसा पोखरला गेला आणि पावसाळ्यात भद्रा नदी गाळाने कशी लाल होते, हे कॅमेऱ्याने टिपलं. कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात लढत होते. २००२ मध्ये निकाल लागला आणि २००५ अखेर खाण थांबली. हे एकट्या फिल्मचं श्रेय आहे असं म्हटलं तर वर्षानुवर्षं लढणाऱ्यांवर अन्याय होईल. पण या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्रण पोहोचलं. तिथे गर्दी जमवण्याची गरजच नव्हती.

आता हीच नजर नागनदीकडे वळवा. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी अंबाझरी तलावातून पुढे शहरात शिरते, पिवळ्या नदीला मिळते, कन्हानमध्ये जाते, कन्हान वैनगंगेत जाते आणि शहराचं सांडपाणी शेवटी भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या जलाशयात उतरतं. नदी एक, पण प्रेक्षक तीन वेगवेगळे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्या अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटच्या लोकांचा प्रश्न नदीच्या पात्रातल्या अतिक्रमणाचा आणि पुराचा आहे. शहराच्या पूर्वेला काठावरच्या वस्त्यांचा प्रश्न दुर्गंधीचा, डासांचा आणि घर उठण्याच्या भीतीचा आहे. आंभोऱ्याकडच्या मासेमारांचा प्रश्न जाळ्यात काय येतं आणि काय येत नाही, हा आहे. तिघांना एकाच सभागृहात बसवून गंगेवरचा एखादा सुंदर माहितीपट दाखवला तर तिघेही मान डोलावतील आणि तिघांनाही तो दुसऱ्याच कुणाच्या नदीचा वाटेल.

भांडेवाडीच्या कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या बाईने सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. पडदा भांडेवाडीला न्या. समाजमंदिर, बुद्धविहार, अंगणवाडीची खोली, मंडळाचं मैदान, काहीही चालतं. सभागृहातला कार्यक्रम हवाच असेल तर तो कचरा जिथून निघतो त्या भागातल्या लोकांसाठी घ्या.

कापसाच्या तीन फिल्म आणि एक सावधगिरी

विदर्भावर झालेलं सगळ्यात महत्त्वाचं माहितीपटांचं काम कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ २००९ चा. जवळजवळ तासाभराच्या या माहितीपटात त्या पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर विदर्भातल्या घरांमध्ये जातात. रोमच्या नीरोने मेजवानीत उजेडासाठी कैद्यांना जाळलं, अशी कथा आहे. साईनाथांचा प्रश्न नीरोबद्दल नाही, त्या मेजवानीला आलेल्या पाहुण्यांबद्दल आहे. ते सगळं बघत त्यांनी घास कसा घेतला? मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाला ५१२ पत्रकार होते, कापसाचे कपडे मिरवले जात होते आणि तो कापूस पिकवणारे शेतकरी नागपूरच्या आसपास, विमानाने तासाभराच्या अंतरावर, जीव देत होते. तिथे बातमीसाठी आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हा त्यांचा संताप या फिल्मचा कणा आहे.

नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ हाही विदर्भातल्या कपाशीवरच. त्याला शोधपर माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. तिसरा मिखा पेलेड यांचा २०११ चा ‘बिटर सीड्स’. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंग टाकळी या गावात घडतो. वडिलांनी आत्महत्या केलेल्या एका मुलीला पत्रकार व्हायचं आहे आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या एका हंगामाकडे आपण तिच्याबरोबर बघतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत घराघरातली धाकधूक जशी या फिल्ममध्ये उतरली आहे, तशी मी क्वचितच पाहिली आहे.

आता सावधगिरी. ‘नीरोज गेस्ट्स’ ज्या घरांवर हा प्रसंग आला त्यांच्या गावात दाखवू नका. त्यांना त्यातलं काहीच नवीन नाही, आणि पडद्यावर पुन्हा तेच रडणं बघायला लावणं निर्दयपणाचं आहे. ही फिल्म पाहुण्यांसाठी आहे, म्हणजे धरमपेठ, रामदासपेठ, बँकांची प्रशिक्षण केंद्रं, पत्रकारितेचे वर्ग, कृषी महाविद्यालयं आणि आपण सगळे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, डिसेंबरात, राज्यभरातले अधिकारी आणि पत्रकार नागपुरात असतात. या फिल्मसाठी वर्षभरात यापेक्षा चांगला काळ दुसरा नाही.

दाखवण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, विषय आत्महत्येचा आहे हे निमंत्रणातच लिहा. सभागृहात कोणाच्या घरी काय घडलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा पडद्यावर ठेवा. दुसरी, या फिल्म आता जुन्या झाल्या आहेत हे लक्षात घ्या. भारतात बीटी कपाशीला परवानगी २००२ मध्ये मिळाली. या फिल्मनंतर गुलाबी बोंडअळीने २०१७ चा हंगाम झोपवला, भाव चढले-पडले, पीकविम्याचे नियम बदलले. एकटं बियाणंच आत्महत्यांना कारणीभूत आहे का, यावर अभ्यासकांत गंभीर मतभेद आहेत. कोरडवाहू जमीन, सावकारी, भावाची अनिश्चितता आणि उपचारांचा खर्च यांना बाजूला ठेवून चर्चा केली तर ती अर्धवट राहते. म्हणून फिल्मनंतर सध्या कपाशी पेरणारा एखादा शेतकरी किंवा पतीमागे शेती सांभाळणारी एखादी शेतकरीण बोलायला हवी. फिल्म जिथे थांबते तिथून पुढचं ते सांगतील. त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी द्या. प्राध्यापकांना मानधन आणि शेतकऱ्याला शाल-श्रीफळ, हा प्रकार आता बंद व्हायला हवा.

शिकवणारे माहितीपट

मग गावात काय दाखवायचं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अशा गावात अश्रूंपेक्षा उपयोगाची आहे ती हातमोजे, वाऱ्याची दिशा, दोन औषधं एकत्र मिसळण्याचा धोका आणि विषबाधेची पहिली लक्षणं दाखवणारी दहा मिनिटांची साधी फिल्म. ती जुलैत दाखवा, फवारणी सुरू होण्याच्या तोंडावर. ऑक्टोबरात दाखवून उपयोग नाही.

अशा फिल्मची ताकद आपल्याकडे पानी फाउंडेशनने दाखवून दिली. २०१६ मध्ये जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत झाली: अमरावतीचा वरुड, बीडचा अंबाजोगाई आणि साताऱ्याचा कोरेगाव. २०१८ पर्यंत ही संख्या ७५ तालुक्यांवर गेली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं अडवायचं, समतल चर कसा आखायचा, शेततळं कुठे घ्यायचं, हे सगळं छोट्या मराठी फिल्ममधून शिकवलं गेलं. फिल्म बघून लोक दुसऱ्या दिवशी कुदळ-फावडं घेऊन शिवारात जात होते. भूजलाचं शास्त्र यापेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि प्रत्येक गावचा खडक वेगळा आहे, हा आक्षेप खरा आहे. तोही गावात सांगायला हवा, आणि त्यासाठी भूजल सर्वेक्षण खात्यातला माणूस बोलवायला हवा.

शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी केलेल्या फिल्मचा प्रयोग ‘डिजिटल ग्रीन’ या संस्थेनेही देशभर केला. तिथे एक गोष्ट वारंवार दिसली. फिल्म लागली की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, हा कोणत्या गावचा? तो आपल्यासारखाच निघाला तर त्याचं ऐकलं जातं. त्यामुळे पुण्याच्या शुद्ध बोलीतला निवेदक आणि परदेशी शेत असलेली फिल्म कितीही देखणी असली तरी मौद्याच्या धान उत्पादकाला ती परकीच वाटते. तुमच्या तालुक्यातल्या माणसाचा मोबाइलवर घेतलेला पाच मिनिटांचा तुकडा तिच्या जोडीला लावा.

आरोग्याच्या फिल्मबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि विदर्भात तिचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत मोठ्या प्रमाणात आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अशा विषयावर फिल्म दाखवून लोकांना घाबरवून घरी पाठवणं योग्य नाही. तपासणीची सोय त्याच दिवशी, त्याच जागी असेल तरच कार्यक्रम ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी बोला, आशाताईंना सोबत घ्या. तपासणीचा निकाल फक्त त्या व्यक्तीच्या हातात, बंद पाकिटात द्या. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे समजावणारा समुपदेशक तिथे हवाच. नाहीतर गावात कुजबुज होते आणि त्याचा पहिला फटका मुलींच्या सोयरिकींना बसतो. जी फिल्म दाखवल्यावर कोणाचं नुकसान होऊ शकतं, तिची जबाबदारी दाखवणाऱ्याची आहे.

जातीचा प्रश्न कोणत्या मोहल्ल्यात?

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ची नागपूरला ओळख करून द्यावी लागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी पुढची १४ वर्षं चित्रण केलं आणि तीन तासांहून मोठी फिल्म केली. ती मुंबईच्या वस्त्यांमध्येही दाखवली गेली. मराठी-हिंदी आणि शाहिरीने भरलेली असल्याने ती बसवून ठेवते, पण मध्यंतर ठेवा आणि रात्री उशीर होणार हे आधी सांगा.

ही फिल्म उत्तर नागपूरच्या बुद्धविहारात दाखवली जाते आणि दाखवली जायलाच हवी. पण माझा आग्रह असा की ती, आणि स्टॅलिन के. यांचा ‘इंडिया अनटच्ड’, ज्या कॉलन्यांमध्ये ‘आता जात कुठे राहिली?’ असं विचारलं जातं तिथे आधी लावा. ‘इंडिया अनटच्ड’ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतली आणि धर्मांतली अस्पृश्यता त्या त्या माणसांच्या तोंडून ऐकू येते, त्यामुळे हे आमच्याकडे नाही असं म्हणून कोणालाच बाजूला होता येत नाही. सफाई कामगारांविषयी बोलायचं असेल तर अतुल पेठे यांचा पुण्यातल्या कामगारांवरचा ‘कचराकोंडी’ मराठीत आहे. महानगरपालिकेच्या प्रभागातल्या नागरिक समितीसाठी तो अगदी योग्य.

ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्यापर्यंत काम परत न्यायचं, ही वाट मराठीत सुमित्रा भावे यांनी फार आधी दाखवली. समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या भावे ‘स्त्रीवाणी’ या संस्थेसाठी गरीब बायकांच्या जगण्यावर संशोधन करत होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बायकांपर्यंत पुस्तक कसं पोहोचणार, या प्रश्नातून १९८५ मध्ये ‘बाई’ आणि पुढे ‘पाणी’ हे लघुपट आले. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वस्तीतल्या महिला मंडळात आजही हे लघुपट बघून बायका स्वतःबद्दल बोलू लागतात.

परवानगी आणि फिल्म मिळवणं

यूट्यूबवर फिल्म आहे म्हणजे ती सभागृहात दाखवायला मोकळी आहे असं नव्हे. दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला पत्र लिहा. स्वतंत्र माहितीपट करणारे बहुतेक जण वस्तीतल्या विनामूल्य कार्यक्रमाला आनंदाने होकार देतात, फक्त विचारलं जावं एवढीच त्यांची अपेक्षा असते. संस्थेकडे पैसे असतील तर मानधन द्या. शाळा-महाविद्यालयांना कॉपीराइट कायद्यात थोडी मोकळीक आहे. प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर संस्थेच्या उपक्रमात फिल्म दाखवता येते. बाहेरच्यांना बोलावलं की ही मोकळीक संपते.

सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते आहे का हेही दिग्दर्शकाला विचारा आणि प्रत जवळ ठेवा. पटवर्धनांना अणुचाचण्यांवरच्या ‘जंग और अमन’च्या प्रमाणपत्रासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं आणि तिथे ते जिंकले. हे कागद म्हणूनच मोलाचे. शोधायला सुरुवात करायची तर पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टच्या फिल्म इंटरनेटवर खुल्या आहेत, जुन्या फिल्म्स डिव्हिजनचा साठा आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, आणि पुण्यात सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव नागपूरलाही आलेला आहे. त्यांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या तरी पर्यावरणावरची चांगली यादी हाती लागते.

वेळ, आवाज आणि उजेड

नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही आणि आठच्या आधी जमीन बसण्याइतकी निवत नाही. पाण्याची सोय पडद्याइतकीच महत्त्वाची. बायका हव्या असतील तर त्यांची वेळ त्यांनाच विचारा. बऱ्याच वस्त्यांत दुपारी दोन ते चार हीच त्यांची मोकळी वेळ असते, मग अंधाऱ्या खोलीची सोय करावी लागते. कापूस वेचणीच्या आणि धान रोवणीच्या दिवसांत गावात संध्याकाळी माणूस थकून गेलेला असतो, तेव्हा वीस मिनिटांपेक्षा मोठं काही लावू नका.

चित्र थोडं फिकट दिसलं तरी लोक सोसतात, आवाज फुटला तर उठून जातात. खर्च करायचाच असेल तर आधी स्पीकरवर करा. इन्व्हर्टर ठेवा, फिल्म पेन ड्राइव्हवर घ्या, इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. इंग्रजी फिल्म असेल तर खालच्या ओळी वाचण्याची सक्ती नको. दर दहा मिनिटांनी फिल्म थांबवून आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत आतापर्यंतचं सांगणारा एक जण बसवा. त्यात फिल्मचा रसभंग होतो, पण माणसं टिकतात. निवेदकाने फक्त जे दाखवलं तेच सांगावं, स्वतःचं मत नंतरच्या बोलण्यासाठी राखून ठेवावं.

दिवे लागल्यानंतर

खरं काम इथे आहे, आणि इथेच बहुतेक कार्यक्रम ढेपाळतात. सूत्रसंचालक माइक हातात घेऊन विचारतो, ‘कसा वाटला माहितीपट?’ लोक म्हणतात, ‘छान.’ हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी विचारा: ‘यातलं आपल्या मोहल्ल्यात काय आहे?’ आणि गप्प बसा. पहिलं मिनिट अवघड जातं. ते जाऊ द्या.

पहिलं बोलण्याची संधी तज्ज्ञाला देऊ नका. डॉक्टर, प्राध्यापक किंवा नगरसेवक आधी बोलले की बाकीचे ऐकणारे होतात. त्यांना पहिल्या रांगेतही बसवू नका. प्रश्न आले की मग त्यांच्याकडे वळा. पुरुष जास्त बोलत असतील तर बायकांची बैठक वेगळी घ्या, दुसऱ्या दिवशी, चहासोबत. खुर्च्या गोल मांडता आल्या तर मांडा, खाली सतरंजी असेल तर आणखी चांगलं. आणि ज्यांच्यावर बोट रोखलं जाऊ शकतं, म्हणजे कंत्राटदार, कारखान्याचा अधिकारी, महापालिकेचा अभियंता, त्यांनाही बोलवा. ते आले नाहीत तर त्यांचं पत्र वाचून दाखवा. पत्रही आलं नाही तर बोलावलं होतं एवढं सांगा आणि पुढे चला.

शेवटी एकच मागणी ठरवा. दहा ठरवल्या तर एकही होत नाही. ‘नागनदी स्वच्छ करा’ ही मागणी नाही, ती इच्छा आहे. ‘आमच्या वस्तीतल्या या नाल्यावरची जाळी पावसाळ्याआधी बसवा’ ही मागणी आहे, कारण ती कोणत्या खात्याकडे द्यायची आणि कधी विचारायचं हे कळतं. तिथल्या तिथे अर्ज लिहा, सह्या घ्या, पोच घेण्याची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्या. लिहिणारा हात बहुधा महाविद्यालयीन मुलांचा असतो. त्यांना त्यासाठी आधी तयार करा.

स्वतःची फिल्म करायची असेल तर

नागपूरच्या आसपास विषयांची कमतरता नाही. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटून शिवारात गेलेला गाळ, अजनीवनाची झाडं, भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी वीज केंद्राला पुरवण्याचा प्रकल्प. शेवटचा विषय मुद्दाम घेतला, कारण काय चांगलं चाललं आहे हेही दाखवायला हवं. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले तेव्हा प्राणी त्यातून जातील का, अशी शंका होती. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले आणि वाघासकट कितीतरी प्राणी त्यातून जाताना दिसले. अशा एका चित्रापुढे शंका टिकत नाही.

मोबाइल पुरतो. फक्त आवाजासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या आणि प्रत्येक दृश्य स्थिर हाताने निदान अर्धा मिनिट घ्या. एकाच जागेवरून उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चित्रण करा. राख उन्हाळी वाऱ्यात उडते आणि नदीचा फेस पाणी कमी झालं की दिसतो. वन्यजीव क्षेत्रात वनखात्याची लेखी परवानगी लागते. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशात तो भाग बघा. विमानतळ आणि संवेदनशील ठिकाणांच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही.

माणसांची परवानगी त्याहून मोठी. सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं समजू नका. ही फिल्म कुठे दिसेल, मालक बघेल, नातेवाईक बघतील, हे समजावून सांगा आणि नंतर नकार देण्याची मुभा ठेवा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि एचआयव्हीग्रस्ताची ओळख त्याच्या संमतीशिवाय दाखवता येत नाही. चेहरा धूसर केला तरी आवाज, घराचं दार आणि अंगावरची साडी ओळख सांगतात, हे विसरू नका. संकलन झाल्यावर पहिला प्रयोग त्यातल्या माणसांसमोर करा आणि त्यांनी काढायला सांगितलेलं काढा.

गोव्यातल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेची पद्धत मला सगळ्यात उपयोगाची वाटते. गावातलेच वार्ताहर प्रश्नावर छोटी फिल्म करतात आणि तिच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालयाचा क्रमांक सांगून प्रेक्षकांना फोन करायची विनंती करतात. काम झालं की त्याच जागी जाऊन दुसरी फिल्म करतात: रस्ता झाला, रेशन सुरू झालं, शाळेत शिक्षक आले. पहिल्या फिल्मच्या दिवशीच दुसरीची तारीख ठरवून ठेवा, तीन किंवा सहा महिन्यांनंतरची. त्या दिवशी पडदा त्याच मैदानावर, त्याच माणसांसमोर लावा आणि अधिकाऱ्यालाही बोलवा. काम झालं असेल तर त्याचं नाव घेऊन आभार माना. झालं नसेल तर पुढची तारीख त्याच्याकडून तिथेच, माइकवर मागून घ्या आणि ती अर्जाच्या पोचेवर लिहून ठेवा.